कंपनीचा माल

आमच्या मेहुण्यांना माणसांतलं खरं-खोटं कधी कळलं नाही. भिशीवाल्यापासून भागीदारापर्यंत सगळे त्यांना बुडवून गेले. पण गाडीच्या मडगार्डवरून नुसती बोटं फिरवून ते सांगतात, "भाऊजी, हा पत्रा कंपनीचा नाही."

गाडी सासऱ्यांची. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली 1974ची प्रीमियर पद्मिनी. मेहुण्यांना ती व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. 2021च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. मुख्य अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मुंबईच्या खाऱ्या हवेत पन्नास पावसाळे काढलेल्या पत्र्याला ही अट घालणं म्हणजे सत्तरीच्या म्हाताऱ्याला 'कवळी चालणार नाही' असं बजावणं.

तपासणीचं हत्यार म्हणजे त्यांच्या फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. हे चुंबक रुमालात गुंडाळून ते पत्र्यावरून सरकवत नेतात. खऱ्या पत्र्याला ते धरून राहतं. पेंटरने जिथे लांबी थापून खड्डा बुजवलाय, तिथे धपकन खाली. डाव्या मागच्या मडगार्डवर स्ट्रॉबेरी इतक्यांदा पडली, की तिचं देठच तुटलं. नवी आणायला महाबळेश्वरलाच जावं लागेल, असं वहिनींनी लगेच जाहीर केलं.

मग दरवाजाचं रबर उचकटून आत बॅटरी मारायची. कारखान्यातले स्पॉट वेल्ड म्हणजे ओळीने बसलेले छोटे गोल ठसे. गल्लीतल्या गॅस वेल्डिंगची शिवण मात्र सुजलेली आणि वेडीवाकडी. काचांच्या कोपऱ्यातल्या खुणाही ते भिंगातून वाचतात. एकीवरची खूण वेगळी निघाली, त्या दिवशी जेवले नाहीत.

या गाडीचे सुटे भाग मिळत नाहीत असं नाही. उलट फार मिळतात, हाच घोळ आहे. पद्मिनी तयार व्हायची थांबली 2000च्या सुमारास, पण मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती 30 ऑक्टोबर 2023ला. टॅक्सीवाल्याला गाडी उद्या सकाळी धंद्याला लावायची असते. भाग कंपनीचा की लोकल, याच्याशी त्याला काय घेणं? त्यामुळे नकली भागांचा एवढा सुकाळ झाला, की त्यांच्याही नकला निघाल्या. कुर्ल्याच्या एका दुकानदाराने मेहुण्यांना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सेठ, ओरिजिनल है. डुप्लिकेट में ओरिजिनल."

अमेरिकेत तर या वेडाचं शास्त्र झालंय. तिथल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का, हे बघतात; त्याहून चकचकीत केलीत तरी गुण कापतात. कारखान्यातल्या तपासनिसांनी मारलेल्या खडूच्या रेघोट्यासुद्धा काही हौशी लोक पुन्हा काढून घेतात. म्हणजे एकाने सुट्टीची घंटा व्हायच्या घाईत मारलेलं फरकाटं दुसऱ्याने पन्नास वर्षांनी जीव ओतून गिरवायचं!

आमच्याकडे परीक्षकाची गरज नाही. सासरे व्हरांड्यातल्या खुर्चीतून निकाल देतात. "हा आरसा कंपनीचाच," मेहुणे म्हणाले, की तिकडून, "तो मी लावलाय. आधीचा म्हशीने नेला."

परवा मेहुण्यांनी कुर्ल्याहून हॉर्न आणला. त्या काळातला, खात्रीचा. मोजलेले पैसे त्यांनी वहिनींनासुद्धा सांगितलेले नाहीत. चिंचेच्या कोळाने घासून तो सासऱ्यांसमोर धरला. त्यांनी उलटा करून पाहिला, मागच्या पोच्यावर अंगठा फिरवला.

"हा असाच होता आपला. मी पहिल्याच वर्षी काढून विकला. आवाजच नव्हता त्याला."

"विकला? कुठे?"

"कुर्ल्याला."

मेहुणे खुर्चीजवळ सरकले. "कितीला?"

"बारा रुपयांना," सासरे म्हणाले. "तो दहाच देत होता."