काखेत कळसा

ऑक्सफर्ड म्हणजे विद्येचं माहेरघर. (पुणेकरांनी क्षणभर कानावर हात ठेवावेत.) तिथल्या रुग्णालयाच्या मेंदूविकार आयसीयूत 2015 ते 2017 या काळात कँडिडा ऑरिस नावाच्या बुरशीने ठाण मांडलं. एकूण 70 रुग्णांत ती सापडली. काहींच्या नुसती अंगावर, काहींच्या शरीरात. डॉक्टरांनी सगळा परिसर धुंडाळला, हाती फारसं लागेना. मुद्देमाल अखेर सापडला तो रुग्णांच्या काखेत! ताप मोजायचे प्रोब एकाच्या काखेतून काढायचे, पुसायचे, दुसऱ्याच्या काखेत लावायचे. ते बाद केले तेव्हा कुठे साथ आवरली. ‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण साहेबाला आपण फुकट देऊन टाकू.

पण साहेबाने ही फजिती 2018 साली शोधनिबंधात छापली, म्हणून तर आपल्याला कळली. बाकी ठिकाणी कारभार ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असाच. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात रुग्ण गेला, बुरशी राहिली. पलंग, पडदे, फोन, सिंक, सगळीकडे ती. खोली साफ करायला छताच्या आणि जमिनीच्या फरशा उचकटाव्या लागल्या. तरी साथ कुठल्या रुग्णालयात आहे हे तिथली रोगनियंत्रण संस्था सीडीसी जाहीर करत नाही, कारण राज्यांशी तसा करार आहे. बुरशीला रुग्णालयाचा पत्ता ठाऊक, रुग्णाला नाही.

बरं, ही बुरशी काही बापडी नाही. अमेरिकेतल्या नमुन्यांपैकी सुमारे 90 टक्के फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला दाद देत नाहीत. नेहमीची काही जंतुनाशकं तिच्यापुढे फिकी पडतात, क्लोरीन लागतं. आणि कातडीवर ती महिनोन्‌महिने बिऱ्हाड करते. ज्याच्या अंगावर आहे त्याला कधीकधी काहीच होत नाही, तो ती घेऊन पुढच्या वॉर्डात जातो.

आपल्याकडे हे नवीन नाही. दिल्लीतल्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2013 सालीच तिथल्या दोन रुग्णालयांतले 12 रुग्ण नोंदवले. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने 2017 मध्ये तिच्याबद्दल सूचनापत्रक काढलं. पत्रकं काढण्यात आपला हात कोणी धरणार नाही! पण बुरशी पकडायची तर आधी ओळखायला हवी. अनेक लॅबच्या रिपोर्टवर नुसतं ‘कँडिडा’ किंवा ‘यीस्ट’ एवढंच येतं, आणि जुनी यंत्रं हिला हिच्याच चुलत बहिणीच्या नावाने हाक मारत होती. जिचं नाव रिपोर्टवर नाही, ती मोजणीत येणार कशी?

मनात आलं तर मोजता येतं. मे 2021 मध्ये काळ्या बुरशीने थैमान घातलं, तेव्हा केंद्राने राज्यांना सांगितलं की प्रत्येक रुग्ण कळवा. आकडे रोज पेपरात आले. ऑरिससाठी अशी घाई झाल्याचं ऐकिवात नाही. ती काळ्या बुरशीसारखी डोळा, जबडा काढायला लावत नाही, म्हणजे फोटोजेनिक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सर्वांत धोकादायक बुरश्यांच्या पहिल्या गटात तिला बसवलं, एवढ्याने आपलं भागत नाही.

तिची मोजणी सुरू होईतोवर एवढं करा. घरचं माणूस एका आयसीयूतून दुसऱ्या रुग्णालयात हलवत असाल, तर कल्चर रिपोर्ट मागून घ्या. त्यावर ‘यीस्ट’ असेल तर ‘कुठली?’ असं विचारा, डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि नव्या ठिकाणी दाखल करतानाच दाखवा.