न दिसलेल्या हरणासाठी दुर्बीण

अमेरिकेत पानगळीबरोबर पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम येऊन ठेपला की, रायफलीवर स्थिर शक्तीची दुर्बीण चढवावी की बदलत्या शक्तीची, यावरून शिकाऱ्यांत दोन तट पडतात; आणि हरणांचे मत कोणी विचारात घेत नसल्यामुळे हा वाद निकाली निघत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो मुळातच निरर्थक ठरवला असल्याने मराठी वाचकाला त्याकडे निर्लेप मनाने पाहता येते.

स्थिर शक्तीच्या दुर्बिणीतून लक्ष्य कायम एकाच पटीने, बहुधा चौपट किंवा सहापट, मोठे दिसते. बदलत्या शक्तीच्या दुर्बिणीला डोळ्याकडच्या बाजूस एक कडे असते, ते फिरवले की आतली भिंगे पुढेमागे सरकतात आणि लक्ष्य हवे तेवढे मोठे करता येते. सर्वाधिक परिचित असलेल्या ‘३-९×४०’ या प्रकारात ही मर्यादा तीन ते नऊ पटींची असून ४० हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास होय.

ही दुर्बीण घेणारा वस्तुतः नऊपटीचे हरीण विकत घेत असतो, म्हणजे दूरच्या उतारावर उभे असलेले, भरदार शिंगांचे आणि स्वभावाने सहनशील. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दाट रानात मात्र हरीण बहुधा शंभर मीटरच्या आतच, तेही पाठमोरे, दिसते. शक्ती वाढली की दृष्टिक्षेत्र, म्हणजे दुर्बिणीत मावणारा देखावा, आक्रसते: शंभर मीटरवर तिप्पटीला सुमारे ११ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर नऊपटीला जेमतेम ४. त्यामुळे आदल्या संध्याकाळी समोरच्या टेकडीवरचे झाड न्याहाळण्यासाठी नवावर नेलेले कडे तसेच राहिले आणि सकाळी पंधरा मीटरवर हरीण उगवले, तर शिकाऱ्याला हातभर तपकिरी केस तेवढे दिसतात, आणि तो खांदा आहे की पुठ्ठा याचा निर्णय होईपर्यंत ते केस निघून गेलेले असतात.

स्थिरपंथीयांचा आधार जॅक ओ’कॉनर, ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचे बंदूकविषयक लेखक, ज्यांना डोंगरातल्या रानमेंढ्यांसाठीही चौपट दुर्बीण पुरत असे. जुन्या बदलत्या दुर्बिणींत कडे फिरवताच नेम सरकत असे, हा या पंथाचा आक्षेप एके काळी रास्त होता. आता तो केवळ परंपरेने चालू आहे.

तेव्हा शहाणपणाचा मक्ता या पंथाकडे आहे असेही नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात चांदण्यात मचाणावर बसून रानडुकरे टिपणाऱ्यांची जुनी लाडकी दुर्बीण स्थिर ८×५६. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते, ती येथे ७ मिलिमीटर, म्हणजे अंधारात तरुण डोळ्याची बाहुली जेवढी उघडते नेमकी तेवढी. ही दुर्बीण परवडू लागते त्या वयात मात्र बाहुली पाचाच्या पुढे जायला सहसा राजी नसते, आणि पूर्ण किंमत मोजलेला उरलेला उजेड बाहुलीभोवतीच्या बुबुळावर पडून वाया जातो.