टेनिसनिष्ठ

टेनिसनिष्ठ हा अमेरिकेच्या उपनगरांत आढळणारा, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ होय. पिकलबॉल हा खेळच नव्हे, असे त्याचे ठाम मत असते आणि ते मांडण्यासाठी तो कोणी विचारण्याची वाट पाहत नाही. वकील, दंतवैद्य, विमा अधिकारी आणि निवृत्त मुख्याध्यापक यांच्यात हा प्रकार विशेष दिसतो. स्त्रियांनाही त्याची लागण होते, पण त्या लवकर बऱ्या होतात.

सार्वजनिक बागेतले टेनिस कोर्ट हे त्याचे वसतिस्थान. दर शनिवारी सकाळी तो ठरलेल्या तीन मित्रांबरोबर दुहेरी खेळतो. चौघांपैकी एकाचा खांदा, एकाची कंबर आणि दोघांची नजर अधू झालेली असल्याने बराचसा वेळ चेंडू गोळा करण्यात जातो. यालाच तो व्यायाम म्हणतो. आपला एकहाती बॅकहँड एके काळी देखणा होता, असे तो सांगतो. तो पाहिलेला साक्षीदार गावात उरलेला नाही. पॉइंट हरला की तो मान खाली घालून रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करू लागतो. चूक तारांची होती, हे समोरच्याने यावरून ओळखायचे असते.

त्याच्या दुखण्याचे मूळ रंगात आहे. एके दिवशी बाग खात्याची माणसे येतात आणि त्याच्या कोर्टावर वेगळ्या रंगाच्या रेघा ओढून जातात. टेनिसचे कोर्ट 78 फूट लांब आणि दुहेरीसाठी 36 फूट रुंद असते. पिकलबॉलचे 44 बाय 20, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढे. भोवतीच्या मोकळ्या जागेसह टेनिसच्या एका कोर्टात पिकलबॉलची चार कोर्टे बसतात. जिथे चार माणसे खेळत, तिथे सोळा खेळतात आणि कुंपणाला पॅडल लावून आणखी दहाजण नंबराची वाट पाहतात. नगरपालिकेला हा हिशेब एका बैठकीत पटतो. टेनिसनिष्ठ त्याच बैठकीत हरकत नोंदवायला उभा राहतो. बोलायला तीन मिनिटे मिळतात. त्यातली दोन, आपण या गावात किती वर्षे कर भरतो आहोत, हे सांगण्यात जातात. विम्बल्डनपर्यंत पोचेपोचेतो घंटा वाजते.

पिकलबॉलचा इतिहास त्याला पिकलबॉल खेळणाऱ्यांपेक्षा चांगला पाठ असतो. 1965 च्या उन्हाळ्यात सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांना कंटाळलेल्या घरच्या मंडळींना काहीतरी खेळायला द्यायचे होते. आवारात बॅडमिंटनचे कोर्ट होते, पण साहित्य पुरे नव्हते. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन काम भागवले गेले. पुढे नेट 36 इंचांपर्यंत खाली आले आणि बार्नी मॅकॅलम यांच्यासह तिघांनी नियम बसवले. प्रिचर्ड नंतर अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले आणि 2022 मध्ये वॉशिंग्टन राज्याने पिकलबॉलला राज्याचा खेळ ठरवले. यावर टेनिसनिष्ठाचा निष्कर्ष एकच: सामान वेळेवर सापडले असते, तर हा प्रसंग ओढवला नसता.

त्याचे आक्षेप ठरलेल्या क्रमाने येतात. पहिला आवाजाचा. टणक पॅडलवर प्लॅस्टिकचा चेंडू आपटून होणारा टक्‌टक् आवाज दूरवर जातो. आसपासच्या रहिवाशांनी याबद्दल अनेक गावांत तक्रारी केल्या आहेत, काही जण न्यायालयातही गेले आहेत. त्यामुळे इथे त्याची बाजू भक्कम असते. दुसरा आक्षेप सर्व्हिसचा: ती कमरेखालून करायची, म्हणजे कोणालाही जमते. तिसरा गुण मोजण्याचा. दुहेरीत पिकलबॉलवाले तीन आकडे पुकारतात आणि डाव ‘शून्य-शून्य-दोन’ अशा घोषणेने सुरू होतो. हे त्याला रानटी वाटते. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस, यात मात्र त्याला काही वावगे दिसत नाही. चौथा आक्षेप तो उघड बोलत नाही, पण सर्वांत जास्त तोच सलतो: ही माणसे पॉइंट हरल्यावर हसतात.

मोठ्यांचा आधार तो सोयीने घेतो. 2024 च्या विम्बल्डनमध्ये नोव्हाक जोकोविचने क्लबांच्या पातळीवर टेनिस धोक्यात असल्याचा इशारा दिला, तो त्याला तोंडपाठ असतो. आंद्रे अगासी, जॉन मॅकेन्रो, अँडी रॉडिक आणि मायकेल चँग 2023 मध्ये फ्लोरिडात बक्षिसासाठी पिकलबॉल खेळले आणि पुढच्या वर्षी स्टेफी ग्राफही उतरली, हा विषय निघाला की तो घड्याळ पाहतो. अमेरिकेत 2020 मध्ये सुमारे 42 लाख लोक पिकलबॉल खेळत. 2024 मध्ये ते 1 कोटी 98 लाखांवर गेले. त्याच वर्षी टेनिस खेळणारे मात्र 2 कोटी 57 लाख होते. यातला शेवटचा आकडा तो लग्नसमारंभांतही सांगतो.

भारतात हा खेळ सुनील वालावलकर या मराठी माणसाने रुजवला. अखिल भारतीय पिकलबॉल संघटना 2008 मध्ये स्थापन झाली. खेळ आला तसा त्याच्यावर नाक मुरडणाराही आला. इकडच्या जिमखान्यांतला टेनिसनिष्ठ अमेरिकी भावंडाहून फारसा वेगळा नाही. नगरपालिकेऐवजी तो मॅनेजिंग कमिटीला पत्र लिहितो.

या अवस्थेचा शेवट बहुधा गुडघ्यातून होतो. डॉक्टर धावपळ कमी करायला सांगतात आणि शनिवारचे चौघे तिघांवर येतात. ‘एकदा बघू तरी’ म्हणून तो उसने पॅडल हाती घेतो. समोर पंचाहत्तरीच्या आजीबाई असतात. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात उभे राहून चेंडू अधांतरी मारायचा नाही. आधी टप्पा पडू द्यायचा. मारल्यानंतर तोल जाऊन रेषेवर पाय पडला, तरी फाउल. हे सोवळे आजीबाई काटेकोर पाळतात. टेनिसनिष्ठ मात्र तरुणपणीचा स्मॅश आठवून पुढे झेपावतो आणि दरवेळी किचनमध्ये जाऊन थांबतो. 11-3 असा हरल्यावर तो पॅडलला तारा शोधतो. त्या नसतात. मग तो वाऱ्याला दोष देतो. सोमवारी तो पुन्हा येतो.

त्यानंतरची वाढ झपाट्याने होते. महिन्याभरात कार्बन फायबरचे पॅडल येते. दोन महिन्यांत तो ‘डिंक’ नावाचा नेटजवळचा फटका हळू का मारावा आणि तिसरा फटका किचनमध्ये अलगद का टाकावा, हे नवख्यांना न विचारता समजावू लागतो. वर्षअखेरीस उरलेल्या टेनिस कोर्टावरही रेघा ओढाव्यात, या अर्जावर पहिली सही त्याची असते. रॅकेट तो विकत नाही. ते गाडीच्या डिकीत असते आणि वर्षातून एकदा बाहेर निघते. खेळाडू मोजणाऱ्या पाहण्यांना तेवढे पुरते. त्या वर्षात एकदा जरी खेळला, तरी माणूस खेळाडूंत धरला जातो. त्यामुळे टेनिसच्या आकड्यात तो असतो आणि पिकलबॉलच्याही. दोन्ही बाजूंचे लोक आपला खेळ वाढल्याचे पुरावे देत एकमेकांशी भांडतात, तेव्हा दोन्ही पुराव्यांत हाच गृहस्थ मोजलेला असतो.