वारा फुकट, बाकीचे जोडखर्च

वारा फुकट मिळतो म्हणून माणूस शिडाची होडी घेतो. मग इंग्लंड-अमेरिकेच्या धक्क्यांवरचे, १९७०-८०च्या दशकातल्या फायबरग्लासच्या होड्या बाळगणारे हौशी दर्यावर्दी भेटले की बोलतात कशावर? डिझेल इंजिनावर.

चाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेलं इंजिन एकदाचं दम टाकतं. जुनं उचलायचं, नवं ठेवायचं, एवढाच तर बेत! पण नवं जुन्या बैठकीवर बसत नाही, बैठक बदला. त्याचा शाफ्ट उलटा फिरतो; पाण्यातला पंखा बदला. एक्झॉस्टचा पाइप अरुंद पडतो, तोही बदला. मग मालक पोटावर आडवा होऊन, बॅटरी दातांत धरून, इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या फटीत, ती मोजायला, फीलर गेजची पाती सरकवतो. चार इंची कपलिंगला चहूबाजूंच्या फटीत फरक चालतो जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. हे सगळं जमिनीवर जुळलं, तरी होडी पाण्यात उतरली की किंचित आकार बदलते. पुन्हा आडवे व्हा! बिल येतं तेव्हा कळतं, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या होडीत इंजिन नव्हतं. म्हणूनच बहुधा प्रवासाला सवड मिळाली.

तेव्हा जुनी होडी घेणाऱ्यांनो, शिडं सावकाश पाहा. बयाणा देण्याआधी इंजिनावरचं झाकण उघडा.