घराणं बघून नाव

“बाई, हातातली झारी ठेवा आणि इकडं या. मेलबर्नहून यादी आलीय.”

वहिनींनी कुंपणावरून फोन पुढं केला. त्यांच्या धाकटीला सातवा महिना लागलाय. जावई जन्मानं तिथलाच, पण घराणं मूळचं ग्रीक. मुलगा की मुलगी हे दोघांनी मुद्दामच विचारलेलं नाही, तरी यादी बहुतेक मुलींच्या नावांची. सगळी ग्रीक पुराणातली, पुढं अर्थ दिलेले. शाळेत इतिहास शिकवायचे म्हणून असल्या बाबतीत माझ्याकडं धाव.

“पँडोरा बघा. सगळ्या देणग्या मिळालेली. किती छान अर्थ!”

“अर्थ छानच आहे. पण स्थळ बघताना आपण नुसता पगार बघतो का वहिनी? घराणंही बघतो. या बाईंनी रांजणाचं झाकण उघडलं आणि जगातली रोगराई, दुखणी, सगळी बाहेर पडली. तळाशी आशा तेवढी राहिली.”

“अगंबाई! आणि कॅसँड्रा?”

“ट्रॉयची राजकन्या. पुढचं सगळं दिसायचं तिला, पण शाप असा की खरं बोलली तरी कुणाला पटणार नाही.”

“म्हणजे माझंच नाव की हो. पंधरा वर्षं सांगतेय, गच्चीला गळती लागणार म्हणून.”

डॅफ्नी वहिनींना फार आवडलं. ती अपोलो देवापासून जीव घेऊन पळाली आणि शेवटी तिचं झाड झालं, हे मी सांगेपर्यंत. पेनेलोपीला तर त्यांनी स्वतःच नाट लावला: “नवरा वीस वर्षं बाहेर आणि ही सासऱ्याचं कफन दिवसा विणते, रात्री उसवते? नको ग बाई.” मला विचाराल तर यादीत सगळ्यात हुशार तीच. मागणी घालणारे शंभरावर दांडगे पुरुष दारात ठाण मांडून बसलेले, आणि तिनं एका मागावर त्यांना तीन वर्षं झुलवलं. पण आजीबाईंपुढं कोण बोलणार!

“आयरिस?”

“इंद्रधनुष्याची देवता. देवांचे निरोप पोचवायची.”

“निरोप्या! आमच्या घराण्यात ते काम मी करतेच आहे. बरं, रिया? हे तर आपल्याकडंही गल्लोगल्ली आहे.”

“ग्रीकांची ऱ्हीया म्हणजे झ्यूसची आई. नवरा जन्मलेलं मूल गिळून टाकायचा, कारण पोरगाच आपलं राज्य घेणार असं भाकीत होतं. पाच मुलं गेली. सहाव्याच्या वेळी तिनं दुपट्यात धोंडा गुंडाळून त्याच्या हाती दिला आणि बाळाला क्रीटमधल्या गुहेत लपवलं.”

“हे तर आपल्या देवकीसारखंच की!”

“फक्त इथं कंस म्हणजे खुद्द बापच.”

वहिनी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “पण बाई, आपल्यात कुठं एवढं बघतात? माझ्या आतेसासूचं नाव द्रौपदी होतं.”

“द्रौपदी चालते, कैकेयी चालत नाही. म्हणजे बघतातच.”

यावर त्या कुंपणाला आणखी टेकल्या, आवाज खाली गेला. खरी बातमी आता येणार, हे मी ओळखलं.

“यादीचं जाऊ द्या हो. विहीणबाईंनी फोनवर सांगितलंय, मुलगी झाली तर नाव माझंच. त्यांच्यात म्हणे पहिल्या नातवंडाला आजी-आजोबांचंच नाव देतात. तेही आजी धडधाकट असताना! चार चुलत भावंडं एका नावाची असतात. आणि बाप्तिस्मा होईतो पोराला नुसतं ‘बाळ’ म्हणायचं. मग धर्ममाता चर्चमध्ये नाव सांगणार. आत्यानं कानात कुर्र करायचं काही आहे की नाही?”

“आजोबांचं नाव आपल्याकडंही देतात की. भट घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये गेला, डिसेंबरात नातू झाला, तोही बाळाजीच. हाक मात्र नानासाहेब.”

“तेच म्हणते मी! गेलेल्यांचं ठेवतात. जित्या सासूच्या नावानं पोरीवर ओरडायचं कसं?”

“नाव काय त्यांचं?”

“कॅलिओपी. घरात सगळे पोपी म्हणतात.”

आता हसू कसं आवरावं! पण यादीतल्या सगळ्या नावांपेक्षा घराणं याचंच स्वच्छ. अर्थ गोड गळ्याची. नऊ कलादेवींतली थोरली, महाकाव्याची देवता. ऑर्फियस नावाचा मोठा गायक तिचाच मुलगा. शिवाय त्याच नावाची संतही आहे, म्हणून ८ जूनला नावाचा सण होतो.

“गोड गळा?” वहिनी जरा निवल्या. “तो आमच्याकडून येईल. त्यांचा आवाज ऐकलाय मी फोनवर. मी ह्यांना म्हटलं, आईकडच्या आजोबांनीही एखादं नाव सुचवावं.”

“नको. होमरच्या काव्यात पेनेलोपीच्या नवऱ्याचं, म्हणजे ऑडिसियसचं नाव त्याच्या आईच्या बापानंच ठेवलंय. नामांकित चोर तो. दाईनं बाळ मांडीवर दिलं तेव्हा म्हणाला, मी पुष्कळांचा रोष ओढवून घेतलाय, तर याचं नाव त्या रोषावरूनच ठेवा.”

“हे तर आमचे हेच! सोसायटीत कोण यांच्यावर चिडलेलं नाही? राहू दे. आणि मुलगा झाला तर सासऱ्यांचं नाव. अकिलियास.”

“म्हणजे अकिलीस. ट्रॉयच्या लढाईतला सगळ्यात मोठा वीर. आईनं टाचेला धरून पाताळातल्या नदीत बुचकळलं, अंग अभेद्य झालं. टाच तेवढी कोरडी राहिली, बाण तिथंच लागला. होमरमध्ये हे नाही, मागाहूनची कथा.”

“टाच होय!” वहिनींनी पदर खोचला. “पुढच्या महिन्यात जातेच आहे बाळंतपणाला. बदामतेलाच्या दोन बाटल्या जास्त घेते.”