मित्राच्या प्रेमात लुडबूड करण्याची शास्त्रोक्त पद्धत

आपल्या मित्राला नवीन कोणीतरी भेटले आहे. फोन आला की तो बाल्कनीत जातो, रविवारीही शर्टाला इस्त्री करतो आणि संध्याकाळी 'जरा काम आहे' म्हणून सटकतो. अशा वेळी 'बघेल तो, त्याचं आयुष्य आहे' एवढे म्हणून जो आपल्या कामाला लागतो, त्याच्यासाठी हा लेख नाही. त्याने खुशाल सुखात राहावे. हा लेख उरलेल्यांसाठी, म्हणजे बहुसंख्यांसाठी आहे.

लुडबुडीचे आपल्याकडे कधीच वावडे नव्हते. पण ती खाती वडीलधाऱ्यांनी आपसात वाटून घेतली होती. समवयस्कांनी, हातात कसलाही अधिकार नसताना, निव्वळ हौसेखातर हे काम कसे करावे याचा पद्धतशीर अभ्यासक्रम हवा असेल, तर अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीचे ऋण मानावे लागते. २२ सप्टेंबर १९९४ ते ६ मे २००४ या काळात 'फ्रेंड्स' या मालिकेच्या २३६ भागांतून रॉस, रेचल, मोनिका, चँडलर, जोई आणि फीबी या सहा जणांनी न्यूयॉर्कच्या एका कॉफीगृहातल्या सोफ्यावर बसून हे शास्त्र पूर्णत्वाला नेले.

प्रथम पात्रता. मित्राच्या घराची किल्ली आपल्याकडे असावी, किंवा त्याला दार बंद करायची सवय नसावी. भर कामाच्या दिवशी सकाळी कॉफी पीत बसण्याइतकी सवड असावी. मित्र पोटापाण्यासाठी काय करतो हे माहीत नसले तरी चालेल. मोनिका आणि रेचल यांना एका पैजेच्या प्रश्नमंजूषेत 'चँडलरची नोकरी काय?' या एका प्रश्नाचे उत्तर आले नाही आणि त्यापायी राहते घर सोडावे लागले. त्याच चँडलरचे कोणत्या मुलीशी कशामुळे फिसकटले, हे मात्र दोघींना झोपेतही सांगता आले असते. ज्ञानाची निवड अशी हवी.

आता मूळ सिद्धान्त सांगतो. तो पाठ करावा. सोफा सहा जणांचा आहे. मित्राचे प्रेम यशस्वी झाले तर सातवा माणूस येतो, आणि फारच यशस्वी झाले तर मित्र सोफा सोडून जातो. दोन्ही गोष्टी परवडणाऱ्या नाहीत. म्हणून लुडबुडीला विरोधाचे रूप असो की उत्साहाचे, तिचे काम एकच: माणसे सहाच ठेवणे. (पडद्यामागेही हेच चालले होते. मानधनाची बोलणी सहाही कलाकार एकजुटीने करत आणि शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकाने भागामागे दहा लाख डॉलर घेतले. सहा म्हणजे सहा.)

नवखा माणूस प्रथम दाखवायला आणला जातो, तिथून सुरुवात करू. हा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम, फक्त पोहे मिळत नाहीत. मित्रमंडळींनी एकत्र बसून पाहुण्याला हसतखेळत वागवावे आणि तो जिना उतरायच्या आत त्याचे नाक, बूट, हसणे यांची चिरफाड सुरू करावी. मोनिका या चिरफाडीला इतकी धसकली होती की नवा मित्र ॲलन याला घरी आणायलाच ती तयार नव्हती. शेवटी आणला, आणि इथे मंडळींनी दुसरे, अधिक जहाल अस्त्र बाहेर काढले. त्यांना तो आवडला. नुसता आवडला नाही, ते त्याच्यावर भाळले. तो त्यांच्या संघातून सॉफ्टबॉल खेळला, त्याच्यामुळे सामना जिंकला, त्याच्या नकलांच्या आठवणी निघू लागल्या. मोनिकाला मात्र तो एवढा काही भावला नव्हता. आता पंचाईत अशी की नाते तोडायचे तर पाच जणांची परवानगी हवी! तिने नाते संपवल्याचे सांगितले तेव्हा घरात सुतक पडले. इकडे ॲलनला ही बातमी सांगितल्यावर तो सुटल्यासारखा बोलला: तुझे मित्र मला अजिबात सहन होत नाहीत.

हा भाग ऑक्टोबर १९९४ मधला, मालिकेतला केवळ तिसरा. अभ्यासकांनी तो पुन्हा पुन्हा पाहावा. पुढच्या दहा वर्षांत जे झाले त्याचे सगळे सूत्र इथे आले आहे. लग्नाआधी मुलीकडच्या सगळ्यांची मर्जी सांभाळणारा आणि मनातून सगळ्यांना कंटाळलेला जावई आपल्याकडे घरोघर सापडेल. पण मेहुण्यांनीच त्याच्या विरहात झुरावे हा प्रकार आपण अजून आयात केलेला नाही.

यानंतर सल्ला. सल्ला देणाऱ्याने आपला त्यात काही स्वार्थ आहे का हे तपासावे, आणि असल्यास सल्ला अधिक ठामपणे द्यावा. रॉस चीनहून ज्यूलीला बरोबर घेऊन आला. रेचलचे नेमके त्याच सुमारास रॉसवर मन जडले होते. ज्यूलीशी जवळीक वाढवू का, असे रॉसने रेचललाच विचारले (पुरुषांना सल्लागार निवडता येत नाहीत, हे इथे नोंदवून ठेवतो), आणि तिने थांबण्यातली गोडी वर्णन करून सांगितली. दुसऱ्या बाजूने जोईने नेमके उलट सांगितले. एकाच रुग्णाला दोन परस्परविरोधी औषधे चालू असली तरच मंडळ कार्यरत आहे असे समजावे.

याच प्रकरणात मोनिकाकडून एक गंभीर आचारसंहिताभंग घडला. ती रेचलच्या परस्पर ज्यूलीबरोबर खरेदीला गेली. पुढचा प्रसंग एखाद्या पत्नीला नवऱ्याच्या खिशात दुसरीचे पत्र सापडावे अशा थाटात पार पडला. मित्राच्या नव्या मैत्रिणीशी स्वतंत्र मैत्री करायची नसते. ती खरोखर चांगली निघाली तर सगळाच बट्ट्याबोळ.

कागदपत्रांबद्दल सावध राहावे. रेचल की ज्यूली हे रॉसला ठरवता येईना, तेव्हा चँडलर आणि जोई यांनी दोघींच्या गुणदोषांची यादी करायला लावली. चँडलरने नुकताच लॅपटॉप घेतला होता: १२ मेगाबाइट रॅम, ५०० मेगाबाइटची हार्ड डिस्क. नवे यंत्र घरात आले की त्यावर काहीतरी करून पाहायची खुमखुमी असते, आणि मित्राचे प्रेम तिथेच समोर होते. रेचलच्या दोषांत 'नुसती वेट्रेस' अशीही नोंद झाली. ज्यूलीच्या दोषांत एकच, ती रेचल नाही. रॉसने निवडली रेचल; रेचलच्या हाती लागली यादी. हा माझ्या नव्या कथेचा मसुदा आहे, अशी सारवासारव चँडलरने केली. आजच्या विद्यार्थ्यांनी यातून बोध घ्यावा आणि असली यादी गटात पाठवण्याआधी गट कोणता आहे ते दोनदा पाहावे.

आता वरच्या वर्गातले तंत्र, ते म्हणजे जोडी जुळवून देणे आणि मग दुरुस्त करणे. फीबीने रॉससाठी बॉनी नावाची मैत्रीण सुचवली. रेचलच्या स्मरणात बॉनीचे डोके तुळतुळीत होते, म्हणून तिने मोठ्या मनाने संमती दिली. बॉनी आली ती भरघोस केसांची. समुद्रकिनाऱ्यावरच्या मुक्कामात रेचलने तिच्याशी गोड गोड बोलून तिला पुन्हा डोके भादरायला लावले. दुसऱ्याच्या प्रेमात वस्तरा वापरण्याचे असे उदाहरण माझ्या माहितीत तरी दुसरे नाही. रेचलला मी या शास्त्रातली पहिली मानकरी मानतो. फीबीचा दावा मोठा आहे हे मान्य, पण फीबीचे हेतू बहुधा शुद्ध असत, आणि शुद्ध हेतूला गुण कमी.

काही वेळा लुडबूड अंगाशी येते. रॉसचे पाऊल घसरले त्या रात्रीनंतर त्याला रेचलपाशी कबुली द्यायची होती. चँडलर आणि जोई यांनी त्याला थोपवले आणि बातमी ज्या ज्या तोंडांतून जाऊ शकते ती तोंडे बंद करायला धाडले. तो एकेका दाराशी विनवण्या करत कॉफीगृहातल्या गंथरपर्यंत पोचला, तोवर गंथरने रेचलला सांगून टाकले होते. रात्री रॉस-रेचलचे दिवाणखान्यात भांडण आणि उरलेले चौघे शेजारच्या खोलीत अडकलेले, उपाशी. पायाचे केस काढायचे मेण खावे का, या विचारापर्यंत आलेले. लुडबुडीला निघताना खिशात चिवड्याची पुडी असावी. हा नियम मी अगदी गंभीरपणे सांगतो आहे.

सर्वांत अवघड परिस्थिती म्हणजे सोफ्यावरच्याच दोघांचे जुळणे. मोनिका आणि चँडलर यांनी महिनोन्महिने ही गोष्ट लपवली. जोईला कळली, त्याला शपथ घातली गेली. रेचलला कळली. फेब्रुवारी १९९९ मधल्या भागात समोरच्या इमारतीच्या खिडकीतून फीबीलाही दिसले. आता सरळ जाऊन अभिनंदन करता आले असते. पण तसे केले असते तर लुडबूडशास्त्र तिथेच संपले असते! फीबी चँडलरवर भाळल्याचे नाटक करू लागली. यांना कळले आहे हे त्यांना कळले, मग त्यांना कळल्याचे यांना कळले. आणि दोन्ही पक्ष कोण आधी माघार घेतो हे पाहत राहिले. फीबी चँडलरच्या घरी येऊन ठेपली, वेळ चुंबनापर्यंत आली आणि चँडलर फुटला: माझे मोनिकावर प्रेम आहे. मोनिका आतून धावत बाहेर आली. सहा वर्षांच्या समुपदेशनाने जे साधले नसते ते फीबीच्या वाह्यातपणाने एका संध्याकाळी साधले. लुडबुडीतून कधी कधी कल्याणही होते. त्याने खचून जाऊ नये.

बाहेरच्यांचे काय झाले? एमिलीने रॉसशी लग्न केले आणि रेचलला भेटायचे नाही अशी अट घातली. सोफ्यालाच आव्हान! ते लग्न टिकले नाही. टिकला तो एकटा माइक. फीबीसाठी मुलगा शोधायचे जोई साफ विसरला होता. वेळ निभावायला त्याने कॉफीगृहात 'माइक!' अशी हाक मारली आणि ज्याने मान वर केली त्याला आणून बसवला. पुढे फीबीने त्याच्याशी लग्न केले. पत्रिका, गुणमेलन, तीन पिढ्यांची चौकशी हे सगळे करणाऱ्यांनी या प्रकाराकडे जरा नम्रपणे पाहावे.

राहता राहिला सर्वांत मोठा लुडबुड्या. मोनिका-चँडलरचे प्रकरण लेखकांच्या मनात थोडक्यात आटोपायचे होते. मे १९९८ च्या लंडनमधल्या भागात चँडलरच्या पांघरुणातून मोनिका वर आली आणि चित्रीकरणाला बसलेल्या प्रेक्षकांनी असा काही गिल्ला केला की कलाकारांना थांबून राहावे लागले. तो आवाज ऐकून लेखकांनी बेत बदलला. दोघांचे लग्न लागले, पुढे मुले आली. किल्ली नाही, ओळख नाही, कोणी विचारलेले नाही, तरी दुसऱ्यांचे लग्न लावून दिले. तेव्हा घरी मालिका पाहताना 'अरे, सांगून टाक ना तिला!' असे जे पडद्याकडे पाहून ओरडत असतील, त्यांनी हा अभ्यासक्रम पुन्हा करण्याची गरज नाही. त्यांना थेट पदवी देण्यात येत आहे.