घाट लागण्यापूर्वी

चिपळूणला सासूबाईंकडे महिनाभर राहायला जायचं ठरलं आणि पहिला प्रश्न उभा राहिला मनीचा. मांजराचा जीव माणसांपेक्षा घरात जास्त. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘बास्केट आत्तापासूनच हॉलमध्ये उघडी टाकून ठेवा. जेवण तिथंच द्या.’ मांजर वस्तूंना गाल घासतं ते नुसत्या लाडाने नव्हे, तर स्वतःचा वास लावून हक्क सांगायला. म्हणून सुती फडकं मनीच्या गालांवरून फिरवून आत अंथरायचं. आणि निघण्याआधी तीन-चार तास खायला काही नाही.

मी योजना राबवली आणि ती यशस्वी झाली, हे योजनांच्या मानाने विशेषच. मनी बास्केटमध्ये जेवू लागली, झोपू लागली, सोफ्याकडे ढुंकूनही बघेना. सोसायटीत मी मार्जार-प्रशिक्षणावर न विचारता सल्ले देऊ लागलो.

निघायच्या सकाळी माळ्यावरून बॅगा काढल्या. बास्केटची सवय लावली होती, बॅगांची कोण लावणार? चाकांचा खडखडाट झाला मात्र, मनी शेपटी फुगवून जी पळाली ती दिसेनाशीच झाली. माझ्या मते माळ्यावर. पुन्हा स्टूल. कमरेपर्यंत आत शिरलो. इडलीपात्र, लेकीची बाबागाडी, गणपतीचं मखर आणि त्यापलीकडे अंधारात लुकलुकणारे दोन डोळे. ‘ये गं राणी, ये,’ म्हणत हात घातला तर मखराची कमान गळ्यात आली. डोळे म्हणजे तिच्यावर चिकटवलेले आरसे होते.

‘‘अहो, कुणाशी बोलताय वर?’’ खालून बायकोचा आवाज. ‘‘मनी कधीची बास्केटमध्ये बसलीय!’’

गाडी बायको चालवत होती. मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली बास्केट, तिच्यावर पातळ पंचा. साताऱ्याला मी मिसळ खाल्ली, वर दोन पाव जास्तीचे. उपाशीपोटाचा नियम मनीला होता, मला नव्हता. उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर मागे टाकलं आणि कुंभार्ली घाटाची वळणं सुरू झाली. मी मोबाइलवर, मांजराला गाडी लागल्याची लक्षणं काय, ते वाचत होतो: लाळ सुटते, ओठ चाटतं, कण्हतं. तिसऱ्या वळणापर्यंत सगळी लक्षणं स्पष्ट दिसू लागली. माझ्यात.

मनीसाठी घेतलेले ओले रुमाल, जुनी वर्तमानपत्रं, जास्तीची पिशवी, काहीही वाया गेलं नाही. पंचा बाजूला करून पाहिलं, तर मनीने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि मिटून घेतला.

सासूबाईंनी आधी बास्केट घेतली, मग माझी चौकशी केली. नव्या घरात मांजराला सुरुवातीला एकाच शांत खोलीत ठेवावं, म्हणून मागची खोली रिकामी केली होती. संध्याकाळपर्यंत मीही तिथंच आडवा होतो, आवळासुपारी चघळत.

तेव्हा मांजर घेऊन निघणाऱ्यांनो, बास्केट आधीच बाहेर काढा, तिच्याबरोबर बॅगाही काढा. माणसांची औषधं मांजराला मनाने देऊ नका. साधं पॅरासिटामॉलसुद्धा त्याच्या जिवावर बेततं. उलटीची गोळी घ्यायची ती तुम्ही घ्या, घाट लागण्याच्या अर्धा तास आधी.